सरखेल कान्होजी आंग्रे

जुन्नरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या अगदी धारेवर, नाणेघाट आहे. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक प्रचंड रांजण आजही उभा आहे. सातवाहन राजांच्या काळी कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून व्यापाऱ्यांचे तांडे हा घाट चढत आणि जुन्नरास येत. घाटाची जकात या रांजणात टाकली जाई, अशी आमच्याकडे परंपरेने चालत आलेली समजूत आहे.

फार वर्षांपूर्वी येडगावच्या मुलांना घेऊन मी तेथे सहलीस गेलो होतो. येडगाव हे कुकडीच्या काठचे गाव. कुकडी नदी नाणेघाटाच्या जवळच, कुकडेश्वरापाशी उगम पावते. पण कोकणाकडे न उतरता ती पाठ फिरवून पूर्वेस जाते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरास मिळते. त्यामुळे आमच्या मुलांना समुद्र माहीत होता तो भूगोलाच्या पुस्तकापुरताच. रांजण पाहून एका मुलाने विचारले, "गुरुजी, रस्ता तर सर्वांचा. मग त्यावरून चालायचे पैसे का द्यायचे?" मी सांगितले, की जो राजा वाट बांधतो, चोरांपासून तिचे रक्षण करतो, त्याला तो हक्क पोहोचतो. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग समुद्रावर? तेथे तर वाट नसतेच!"

त्या दिवशी घाटमाथ्यावर बसून मी त्या मुलांना कान्होजी आंग्रे याची हकीकत सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने सांगतो. कारण कान्होजीच्या साऱ्या आयुष्याचा झगडा त्या मुलाच्या प्रश्नाभोवतीच फिरत होता.

कान्होजीचे घराणे मूळचे संकपाळ आडनावाचे; आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे म्हणू लागले. त्याचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधण्यास प्रारंभ केला, तेव्हा घाटावरच्या राजाला समुद्र कशाला हवा, असे अनेकांना वाटले असेल. पण किनारा ज्याच्या हाती नाही, त्याच्या राज्याची एक बाजू सदैव उघडी राहते, हे महाराजांनी ओळखले होते. हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग हा त्या आरमाराचा एक बळकट आधार. कान्होजीचे बालपण या किल्ल्याच्या आसऱ्याने, लाटा, शिडे आणि तोफा यांच्या सहवासात गेले.

तो ऐन उमेदीत आला तेव्हा मराठी राज्यावर मोठे संकट कोसळले होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीस गेले. इकडे कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या वतीने एकेक ठाणे गिळीत चालला होता. सुवर्णदुर्गाच्या किल्लेदाराचे मन डळमळू लागले, तेव्हा तरुण कान्होजीने त्यालाच कैद केले आणि किल्ला आपल्या हाती घेऊन तो शेवटपर्यंत लढविला, असे सांगतात. पुढे १६९८ मध्ये आरमाराचा प्रमुख सिधोजी गुजर निवर्तला आणि त्याच्या जागी कान्होजीची नेमणूक झाली. 'सरखेल' हा त्याचा किताब. इंग्रज ज्याला अ‍ॅडमिरल म्हणतात, त्याच अर्थाचा हा हुद्दा होय. गंमत अशी, की 'अ‍ॅडमिरल' हा शब्दही मूळचा इंग्रजी नव्हेच. तो 'अमीर' या अरबी शब्दापासून युरोपात गेलेला आहे.

अलिबागेसमोरचा कुलाबा किल्ला हे कान्होजीचे मुख्य ठाणे झाले. दक्षिणेस सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग, उत्तरेस मुंबई बंदराच्या तोंडावरच असलेले खांदेरी बेट, असा त्याचा पसारा होता. नकाशा उघडून पाहा. मुंबईहून दक्षिणेस निघालेले कोणतेही जहाज या ठाण्यांच्या नजरेतून सुटणे कठीण होते.

या किनाऱ्यावर कान्होजीने दस्तकाची पद्धत कसोशीने अमलात आणली. दस्तक म्हणजे परवाना. व्यापारी जहाजाने ठरलेली रक्कम भरून सरखेलाचे दस्तक घ्यावे. ते जवळ असले म्हणजे त्यास या पाण्यात अडथळा होणार नाही. दस्तकावाचून जाणारे जहाज पकडले जाईल. नाणेघाटातल्या रांजणाचाच हा समुद्रावरचा अवतार. यात कान्होजीने काही नवीन शोधून काढले होते असेही नाही. पोर्तुगीज लोक या किनाऱ्यावर आल्यापासून, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, हेच करीत आले होते. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत, आणि तो न घेणारी जहाजे ते खुशाल जप्त करीत वा बुडवीत. इंग्रज कंपनीही आपल्या परवान्याने हिंदी व्यापाऱ्यांच्या गलबतांना संरक्षण देई. मात्र हाच हक्क येथल्या राजाच्या अधिकाऱ्याने सांगताच त्यांनी त्याला एक निराळे नाव दिले. ते नाव म्हणजे 'चाचा', अर्थात समुद्रावरचा लुटारू.

१७०४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रेनॉल्ड्स नावाच्या गृहस्थास कान्होजीकडे धाडले. मुंबईच्या पाण्यात जहाजे थांबविण्याचा, त्यांची झडती घेण्याचा तुम्हांस अधिकार नाही, असे त्याने बजावावयाचे होते. कान्होजीने उलट उत्तर केले, की आपण इंग्रजांवर पुष्कळ उपकार केले, वचनभंग केला तो इंग्रजांनीच. यापुढे त्यांची जहाजे जेथे सापडतील तेथे आपण पकडू. समुद्र कोणाचा, हा वाद या दिवसापासून उघड्या वैराला पोहोचला.

आता मोठमोठी विलायती जहाजे कान्होजीची माणसे पकडीत तरी कशी, हे समजून घेतले पाहिजे. त्याच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकारची जहाजे असत, गुराब आणि गलबत. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे जहाज. त्याची नाळ, म्हणजे पुढचा निमुळता भाग, सखल असे, आणि तिच्या रोखाने थेट समोर मारा करणाऱ्या तोफा बसविलेल्या असत. गलबत त्याहून लहान, चपळ, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. एकेका गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. दोन्हींचे तळ उथळ असल्यामुळे, खोल पाणी लागणारी विलायती जहाजे जेथे रुतून बसत, अशा खाड्यांत ती सहज शिरत.

याला वाऱ्याच्या ज्ञानाची जोड होती. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, तर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर गुराबा व गलबते खाडीतून बाहेर पडत. वारा मंद असला म्हणजे विलायती जहाज नुसते तरंगत राही. त्याला वळता येत नसे. त्याच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असत. म्हणून गुराबा त्याच्या पिछाडीस जात आणि नाळेवरच्या तोफांनी शिडे व डोलकाठ्या उडवीत. जहाज पांगळे झाले, की वल्ह्यांची गलबते चोहोंकडून त्याला भिडत आणि तलवारी घेतलेली माणसे वर चढत. शत्रू फारच प्रबळ दिसला, तर वल्ह्यांवर मागे फिरून खाडी गाठावयाची, हेही ठरलेलेच. मोठ्या जहाजाशी मोठे जहाज बांधून स्पर्धा करण्यात अर्थ नाही. आपला किनारा, आपला वारा आणि आपल्या खाड्या यांना साजेल तेच जहाज बांधावे, हा विचार यात दिसतो. तो विचार प्रत्यक्षात आणणारे लोक म्हणजे कोळी, भंडारी, मुसलमान दर्यावर्दी आणि किनाऱ्यावरचे सुतार-लोहार. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

१७१२ च्या अखेरीस कान्होजीच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराचे खास जहाज आणि त्याच्या सोबतीचे 'अ‍ॅन' हे जहाज पकडले. त्यातून कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख आणि त्याची तरुण पत्नी जात होती. चकमकीत तोफेच्या गोळ्याने तो ठार झाला. त्याची पत्नी कैद झाली. पुढल्या वर्षी तह होऊन, तीस हजार रुपये खंडणी घेऊन, तिला सोडण्यात आले. कान्होजीची थोरवी सांगताना ही गोष्ट पुष्कळजण गाळतात. मला ते योग्य वाटत नाही. डोळ्यांदेखत पती गमावलेल्या स्त्रीला पैशासाठी अडवून ठेवणे ही त्या काळच्या सर्व दर्यावरील सत्तांची रीत होती हे खरे. परंतु रीत होती म्हणून ती चांगली ठरत नाही.

याच सुमारास त्याच्यापुढे घरचा पेचही उभा होता. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर मराठी राज्यात दोन पक्ष झाले होते, आणि कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षाला होता. शाहू महाराजांनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यास त्याच्यावर पाठविले. कान्होजीने त्या पेशव्यालाच कैद केले आणि घाटावर चढून लोहगड घेतला. साताऱ्यापर्यंत धडक बसते की काय, अशी धास्ती निर्माण झाली. अशा वेळी बाळाजी विश्वनाथ भट पुढे आले. ते मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे, कान्होजीस ओळखणारे. त्यांनी तलवारीपेक्षा शब्दांवर भिस्त ठेवली. इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी टपून बसले असताना आपण आपसांत लढलो तर लाभ कोणाचा, हे कान्होजीला उमगले असावे. १७१३-१४ मध्ये समेट झाला. कान्होजीने शाहू महाराजांना आपले धनी मानले, पिंगळ्यांना सोडले. त्याच्याकडे दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी कायम झाली व सरखेलीही कायम राहिली. या समेटामुळे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. चाचा कोणाचा चाकर नसतो. तो स्वतःसाठी लुटतो. कान्होजी हा छत्रपतींच्या सनदेने वागणारा, किल्ले व मुलूख सांभाळणारा अधिकारी होता. पोर्तुगिजांनी व इंग्रजांनीही त्याच्याशी तह केले होते. ज्याच्याशी तह करावयाचा त्यालाच लुटारू म्हणावयाचे, हा न्याय अजबच.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आंग्र्याचा नाश करावयाचाच, असा त्याने निश्चय केला. त्याने मुंबईभोवती तटबंदी उभारली, लढाऊ जहाजे बांधविली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर स्वारी केली. तटावर चढण्याच्या शिड्या तोकड्या पडल्या आणि स्वारी फसली. १७१८ मध्ये तो स्वतः खांदेरीवर गेला. तेथूनही रिकाम्या हाताने परतावे लागले. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गाची पाळी आली. या वेळी गोळ्यांना दाद न देणारा एक तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला होता. किल्ल्यासमोर त्याची सरबत्ती सुरू झाली, तेव्हा गोळे तटाऐवजी पाण्यातच पडू लागले!

या अपयशांची किंमत एका तिसऱ्याच माणसाला मोजावी लागली. मुंबईत रामा कामती नावाचा मोठा शेणवी व्यापारी होता. वाळकेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार करणारा तो हाच. खांदेरीची मसलत त्याने कान्होजीला पत्रे लिहून फोडली, असा आळ त्याच्यावर आला. १७२० मध्ये खटला झाला, मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. पुरावा म्हणून पुढे केलेली पत्रे बनावट होती, हे नंतर उघडकीस आले. आपल्या पराभवाचे कारण शत्रूच्या सामर्थ्यात न शोधता घरातल्या फितुरीत शोधण्याचा मोह किती घातक असतो, हे मुंबईच्या त्या न्यायासनाने दाखवून दिले.

सर्वांत मोठी स्वारी १७२१ च्या डिसेंबरात झाली. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची चार जहाजे घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज आला होता. गोव्याहून पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय स्वतः सैन्यानिशी आला होता. दोघांचे मिळून सहा हजारांवर लोक कुलाब्यावर चालून गेले. काही इंग्रज तटावर चढलेदेखील. पण त्यांना मागे रेटण्यात आले. इतक्यात घाट उतरून मराठ्यांचे घोडदळ आले आणि पोर्तुगिजांची फळी फुटली. त्यांच्या पळापळीत इंग्रजही ओढले गेले. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठा स्वाराने भाला खुपसला. संतापलेला कमोडोर त्याच्या मागे धावला, पिस्तुलाचा चाप ओढला. पण घाईत त्याने पिस्तूल भरलेच नव्हते! मग तो राग त्याने पोर्तुगीज सेनापतीवर काढला. हातातली काठी त्याच्या तोंडात खुपसली, आणि व्हाइसरॉयलाही नाही नाही ते सुनावले. अशा दोस्तीचा शेवट काय होणार? थोरले बाजीराव पेशवे फौजेसह जवळ येऊन ठेपले होते. १७२२ च्या आरंभी पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह उरकला आणि इंग्रज एकटे पडले. मॅथ्यूज पुढे आपल्या देशात अ‍ॅडमिरल झाला. १७४४ च्या तूलाँच्या लढाईतील वर्तनाबद्दल त्याच्यावर खटला होऊन त्यास नोकरीतून काढून टाकण्यात आले.

१७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर हल्ला करून पाहिला. तोही परतविला गेला. कान्होजीच्या हयातीत त्याचे आरमार बुडविणे कोणालाच साधले नाही. १७२९ मध्ये अलिबागेस त्याचा अंत झाला. तेथेच त्याची समाधी आहे.

त्यानंतरची कथा सुखाची नाही. थोरला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये वारला आणि भावाभावांत वाटणीचा तंटा लागला. संभाजी एकीकडे, मानाजी दुसरीकडे. आणि दोघांच्या तंट्यात कधी पेशवे, कधी इंग्रज, कधी पोर्तुगीज. पुढे विजयदुर्गाचा धनी तुळाजी आंग्रे याने पेशव्यांचे वर्चस्व झुगारले. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रजांचीच मदत घेतली. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर मारा केला आणि बंदरात उभे असलेले तुळाजीचे आरमार जळून खाक झाले. जे बूनला आणि मॅथ्यूजला जमले नाही, ते मराठ्यांच्या आपसांतील वैराने करून दिले. दोष तुळाजीचा किती आणि पेशव्यांचा किती, यावर इतिहासकार वाद घालतात. मला विचाराल, तर तुळाजीला वठणीवर आणणे पेशव्यांस भागच होते. परंतु राज्याचे आरमार परक्यांच्या हातून जाळून घेणे ही चूक होती, आणि तशी जहाजे पुन्हा त्या संख्येने त्या किनाऱ्यावर उभी राहिली नाहीत.

कुलाब्यास आंग्र्यांची दुसरी शाखा मात्र टिकून होती. व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतर तीनच वर्षांनी, १८४० मध्ये, वारस उरला नाही म्हणून कंपनीने ते संस्थानही खालसा केले.

'चाचा' हा शब्द मात्र उरला. क्लेमंट डाउनिंग नावाच्या इंग्रजाने, जो स्वतः बूनच्या मोहिमांत होता, १७३७ मध्ये लंडनला एक पुस्तक छापले. त्याच्या नावातच आंग्र्याला चाचा म्हटले आहे. पुढे शंभर-दीडशे वर्षे तेच लिहिले आणि वाचले गेले. आपल्या शाळांतूनही शिकविले गेले. येडगावच्या त्या मुलांपैकी एकाने मला हेच विचारले होते, की मग इंग्रज खोटे लिहितात का? मी म्हणालो, डाउनिंगने लढाया पाहिल्या आणि त्या बऱ्याच अंशी प्रामाणिकपणे लिहिल्याही. कुलाब्याच्या फजितीच्या गोष्टी आपल्याला कळतात त्या त्याच्याचसारख्यांच्या लेखणीतून. त्याने पाहिले ते खरे लिहिले. नाव मात्र आपल्या बाजूने दिले.

मुंबईतील भारतीय नौदलाच्या ठाण्याचे 'डलहौसी' हे नाव १९५१ मध्ये बदलून ते 'आंग्रे' असे ठेवण्यात आले. आणि ज्या खांदेरीवरून बूनला परतावे लागले होते, त्या बेटावर इंग्रजांनी १८६७ मध्ये दीपगृह बांधले. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना ते वाट दाखविते. १९९८ पासून त्या बेटाचे नाव कान्होजी आंग्रे बेट असे आहे.